जिल्हाधिकारी, ब्रिगेडियर आणि संरक्षण सचिव: हुकूम कोणाचा कोणावर चालतो?

प्रश्न सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. सराव-मुलाखतीत तिला विचारले गेले, ‘तुम्ही पुण्याच्या जिल्हाधिकारी आहात, शहरात दंगल उसळली आहे आणि समोर वयाने व पगाराने तुमच्याहून मोठा ब्रिगेडियर उभा आहे. तुम्ही त्याला हुकूम देऊ शकता का?’ तिने उत्तर दिले, ‘नाही, कारण तो मला ज्येष्ठ आहे.’ त्यावरून चर्चा वाढत गेली आणि आता तिला आणखी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: संरक्षण सचिव लष्करप्रमुखांना आदेश देऊ शकतात का, आणि एखाद्या मंत्र्याने सीमेवरच्या चौकीत जाऊन जवानाला थेट हुकूम दिला तर जवानाने काय करावे.

तुमच्या उत्तरातला ‘नाही’ अर्धा चुकीचा होता. ‘कारण’ मात्र पूर्णच चुकीचे होते. मी इंजिनिअर्स कोअरमध्ये नोकरी केली, छावणीच्या स्टेशन हेडक्वार्टरमध्ये आणि दिल्लीत लष्करी मुख्यालयातही स्टाफवर काम केले, आणि हा गोंधळ मला नागरिकांइतकाच गणवेशातल्या लोकांतही दिसला. हुकूम देण्याचा अधिकार हुद्द्यातून येत नाही. तो नेमणुकीतून येतो आणि नेमणूक कायद्याने आखलेल्या साखळीत बसलेली असते. मुलकी सत्ता लष्कराच्या वर आहे हे खरे, पण ती लष्कराला हुकूम देते ती त्या साखळीत वाटेल तेथे हात घालून नव्हे, तर कायद्याने ठरवून दिलेल्या मोजक्याच ठिकाणी.

आधी लष्कराच्या आत पाहू. पुण्यात एकाच वेळी लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या तोडीच्या हुद्द्याचे अनेक अधिकारी असतात. सदर्न कमांडचे आर्मी कमांडर त्या हुद्द्याचे, वानवडीच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचे कमांडंट त्या किंवा नौदल-हवाई दलातल्या समकक्ष हुद्द्याचे, आणि खडकवासल्याच्या एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) कमांडंटही तसेच. गाडीवरचे तारे तीनच, सलाम तोच. पण सदर्न कमांडच्या एखाद्या तुकडीला कूच करण्याचा हुकूम यांच्यापैकी एकच जण देऊ शकतो, कारण ती तुकडी फक्त त्याच्या नेमणुकीखाली येते. हुद्दा हा माणसाबरोबर फिरतो, पण कमांड खुर्चीबरोबर राहते आणि बदलीच्या दिवशी दुसऱ्याच्या हाती जाते.

हा फरक वरच्या हुद्द्यांपुरता नाही. २००४ नंतरच्या व्यवस्थेत कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे अनुक्रमे २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेनंतर, ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की मिळतात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसते. या मंडळातून निवडला गेलेला कर्नल बटालियनचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, होऊ शकतो. निवड न झालेला अधिकारी २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केलने, म्हणजे केवळ सेवाकाळाच्या जोरावर, कर्नल होतो आणि खांद्यावर तीच अशोकमुद्रा व तेच दोन तारे लावतो, पण त्याला बटालियन मिळत नाही. बाहेरच्या माणसाला हे दोन कर्नल वेगळे ओळखता येणार नाहीत. युनिटच्या गेटवरच्या संत्रीला मात्र नेमके ठाऊक असते.

महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात वाद अडला तोही याच ठिकाणी होता, हे परीक्षेच्या दृष्टीने लक्षात ठेवा. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात निकाल दिला तेव्हा महिलांना हुद्दा द्यावा की नाही हा प्रश्न नव्हता. हुद्दे त्यांना मिळतच होते. त्यांना फक्त स्टाफच्या, म्हणजे कमांडरला साहाय्य करणाऱ्या कार्यालयीन, नेमणुका द्यायच्या आणि कमांडच्या नेमणुकांपासून सरसकट दूर ठेवायचे, हे धोरण न्यायालयाने टिकू दिले नाही. अधिकाऱ्याची खरी कसोटी कमांडमध्ये लागते आणि पुढची बढतीही तिथल्या गोपनीय अहवालावर अवलंबून असते, म्हणून हुद्दा देऊन कमांड नाकारणे म्हणजे पायरी देऊन जिना काढून घेण्यासारखे होते.

हुद्दा आणि मान यांचे नातेही सरळ नाही. पंचवीस-तीस वर्षे सेवा झालेला सुभेदार मेजर हुद्द्याने कालच पासआउट झालेल्या लेफ्टनंटच्या खाली असतो. तो लेफ्टनंटला सलाम करतो आणि लेफ्टनंट त्याला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. ‘एसएम साहेबांना विचारून घे’ असे सीओने नव्या अधिकाऱ्याला सांगणे यात हुद्द्याची पायमल्ली आहे असे कोणालाच वाटत नाही. वैद्यकीय कोअरमधला कर्नल पायदळाच्या बटालियनला हुकूम देत नाही. पण कमांड हॉस्पिटलात भरती झालेल्या मेजर जनरलला घरी कधी सोडायचे ते तोच ठरवतो, आणि जनरलसाहेब मुकाट्याने थांबतात.

मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एमईएस, मध्ये तर हे सगळे एकाच कॉरिडॉरमध्ये पाहायला मिळते. तेथे गॅरिसन इंजिनिअरच्या खुर्चीवर कधी गणवेशातला मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल असतो, तर कधी मुलकी सेवेतला अभियंता. कामाचे आदेश, अंदाजपत्रके, कंत्राटदाराची बिले ही सगळी खुर्चीच्या साखळीने वर-खाली जातात. पण गणवेशातल्या कनिष्ठाने शिस्तभंग केला तर मुलकी वरिष्ठ त्याच्यावर आर्मी ॲक्ट चालवू शकत नाही. ते प्रकरण लष्करी अधिकाऱ्याकडेच पाठवावे लागते. उलट मुलकी कर्मचाऱ्याला ब्रिगेडियर कोर्ट मार्शलपुढे उभा करू शकत नाही. शांततेच्या काळात त्याच्यासाठी केंद्रीय नागरी सेवांचे १९६५ चे नियम आहेत. काम एकत्र, शिस्त वेगळी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा पाषाण-दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळांमध्ये नेमणुकीवर गेलेले अधिकारी हेच अनुभवतात. प्रयोगशाळेत बहुधा मुलकी शास्त्रज्ञ संचालक असतो, त्याला कोणताही लष्करी हुद्दा नसतो आणि त्याच्या हाताखाली कर्नल काम करतो.

आता तुमच्या ब्रिगेडियरकडे येऊ.

जमाव पांगवण्यासाठी लष्कराचा वापर कसा करायचा हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० ते १३२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ ते १५१ मध्ये आहे. कलम १४९ शांतपणे वाचा. जमाव दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पांगत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तो पांगवणे आवश्यक असेल, तर जिल्हादंडाधिकारी (म्हणजे जिल्हाधिकारीच), किंवा त्यांनी अधिकार दिलेला आणि घटनास्थळी हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी, सशस्त्र दलाच्या तुकडीच्या प्रमुखाला तो पांगवायला सांगू शकतो. म्हणजे ती व्यक्ती जिल्हाधिकारीच असली पाहिजे असेही नाही. रीतसर अधिकार दिलेला तहसीलदार जरी जागेवर असला तरी त्याची मागणी कर्नलला बंधनकारक आहे. पगाराची श्रेणी, वय, ताऱ्यांची संख्या यांचा कायद्यात उल्लेखच नाही. कायदा फक्त दोन गोष्टी पाहतो: या माणसाला अधिकार आहे का, आणि तो येथे हजर आहे का.

या कलमाचा दुसरा अर्धा भाग मुलाखतीत बहुतेक उमेदवार विसरतात. अधिकाऱ्याने ती मागणी पाळलीच पाहिजे, पण ‘त्याला योग्य वाटेल त्या रीतीने’, आणि तसे करताना जमाव पांगवण्यासाठी लागेल तेवढेच, कमीत कमी बळ वापरून. एकाच पोटकलमात बंधन आणि मोकळीक दोन्ही आहेत. लष्कराने हस्तक्षेप करायचा की नाही हे दंडाधिकारी ठरवतो. तुकडी कोठे उभी करायची, गोळीबाराची वेळ आलीच तर कोणी, कोणावर आणि किती गोळ्या झाडायच्या, हे तुकडीचा प्रमुख ठरवतो. दंडाधिकारी ‘त्या निळ्या सदऱ्यातल्या माणसावर गोळी झाडा’ असे जवानाला सांगू शकत नाही. आणि जमाव पांगल्यावर ‘आता आलोच आहोत तर पुढच्या गल्लीतही जाऊन येतो’ असे म्हणण्याचा अधिकार ब्रिगेडियरलाही नाही.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते सांगतो, कारण पुस्तकांत हा भाग कोरडाच राहतो. कॉलम, म्हणजे मदतीला निघालेली लष्करी तुकडी, बराकीतून निघतो तेव्हा शक्यतो त्याच्याबरोबर दंडाधिकारी असतो आणि वाट दाखवायला पोलीस असतात. स्थानिक भाषेत लिहिलेला फलक असतो, ध्वनिक्षेपक असतो आणि लक्ष वेधण्यासाठी बिगुलवाला असतो. तुकडीचा प्रमुख दंडाधिकाऱ्याला विचारतो की, परिस्थिती पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेली आहे का, आणि उत्तर लेखी मागतो. त्यासाठी फॉर्म तयार असतो. दंडाधिकाऱ्याने त्यावर सही आणि वेळ टाकायची असते. रणधुमाळीत हा कागद पुढे करणे नव्या अधिकाऱ्याला अवघड वाटते आणि दंडाधिकाऱ्यालाही तो अविश्वास वाटतो. तो अविश्वास नाही. चौकशी आयोग बसतो तेव्हा निर्णय कोणाचा आणि अंमलबजावणी कोणाची हे त्या एका कागदावरूनच वेगळे करता येते, आणि कलम १५१ चे (सरकारच्या मंजुरीशिवाय खटला न भरण्याचे) संरक्षण मागताना दोघांनाही तोच उपयोगी पडतो. पुढे प्रत्येक झाडलेल्या गोळीचा हिशेब होतो आणि रिकामी काडतुसे गोळा केली जातात.

दंडाधिकारी जागेवर नसेल आणि त्याच्याशी संपर्कही होत नसेल, तर कलम १५० खाली कमिशन्ड अधिकारी स्वतःहून जमाव पांगवू शकतो. पण संपर्क शक्य झाला की तो साधलाच पाहिजे आणि कारवाई चालू ठेवायची की थांबवायची याबाबत दंडाधिकाऱ्याचे ऐकलेच पाहिजे. ही अट कशासाठी, हे समजून घ्यायचे असेल तर अमृतसरचा एप्रिल १९१९ आठवा. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने शहर लष्कराच्या हवाली करून टाकले, १३ एप्रिलला जालियनवाला बागेत मुलकी अधिकारी हजर नव्हता, आणि मार्शल लॉ तर १५ एप्रिलला जाहीर झाला. या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीने डायरबरोबर मुलकी अधिकाऱ्याच्या गैरहजेरीवरही बोट ठेवले. मुलकी सत्ता जागा सोडून गेली की काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण आपल्याकडे नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या बंडखोरीच्या भागांतही सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९९७ च्या नागा पीपल्स मूव्हमेंट ऑफ ह्यूमन राइट्स प्रकरणात हेच धरले: लष्कर मुलकी सत्तेच्या मदतीला येते, तिची जागा घेत नाही.

दंगलीत मागणी बंधनकारक असते. पुरात तसे नसते, आणि तुमच्या ‘नाही’चा बरोबर असलेला अर्धा भाग येथे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, पण त्यामुळे खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे जवान त्यांच्या हुकमाखाली येत नाहीत. ते लष्कराला विनंती करतात. रीतसर मार्ग राज्य सरकारकडून केंद्राकडे जातो, मात्र जीव वाचवण्याची घाई असेल तेव्हा स्थानिक कमांडर मदत लगेच पाठवू शकतो आणि वर कळवतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा लष्कराची तुकडी उतरली ती अशाच विनंतीवरून. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या वेळीही तेच. धरण राज्य सरकारचे, अभियंते राज्याचे, निर्णय त्यांचे. खचत चाललेल्या धरणावर वाळूची पोती रचणारे जवान मात्र आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमाने काम करत होते.

म्हणून जिल्हाधिकारी झालात तर विनंतीत काय लिहायचे हे नीट शिका. ‘शंभर जवान आणि दहा बोटी पाठवा’ असे लिहू नका. ‘अमुक वस्तीत इतकी कुटुंबे अडकली आहेत, पाणी अजून वाढणार आहे, अंधार पडण्याआधी त्यांना बाहेर काढायचे आहे’ असे लिहा. काम तुम्ही सांगा, किती माणसे आणि कोणती साधने लागतील ते कमांडरला ठरवू द्या. त्याच्याकडे तुम्हाला माहीत नसलेली साधने असतात आणि तुम्ही मागितलेली नसतातही. काम संपल्यावर लष्कराला परत पाठवण्याचे पत्रही वेळेवर द्या. कॉलम तसाच अडकून पडला की पुढच्या वेळी फोन उचलणाऱ्याच्या आवाजात ते ऐकू येते.

पुणे, खडकी आणि देहूरोडच्या कटक मंडळांमुळे (कँटोन्मेंट बोर्डांमुळे) या शहरात आणखी एक गंमत पाहायला मिळते. कटक मंडळ अधिनियम, २००६ नुसार स्टेशनचा कमांडिंग अधिकारी मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असतो, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी इंडियन डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिस या मुलकी सेवेतला. म्हणजे रस्ते, दिवे, कचरा, शाळा यांच्या बैठकीत ब्रिगेडियर बसतो तो सेनाधिकारी म्हणून नव्हे, तर एका नागरी कायद्याखालच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून. तेथे तो सभासदांना हुकूम देत नाही, मत मांडतो. मंडळाचा एखादा निर्णय सैन्याच्या आरोग्याला, शिस्तीला किंवा सुरक्षेला बाधक वाटला, तर तो कारणे नोंदवून अंमलबजावणी जास्तीत जास्त एक महिना थांबवू शकतो आणि प्रकरण आर्मी कमांडरकडे पाठवतो. तोच निर्णय सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षेला घातक आहे असे जिल्हादंडाधिकाऱ्याला वाटले, तर तो मंडळाला नोटीस देऊन प्रकरण केंद्र सरकारकडे नेतो. दोघेही एकमेकांना हुकूम देत नाहीत. दोघांचे मार्ग वेगवेगळे वर जातात. एम. जी. रोडवरच्या एखाद्या बांधकामावरून वाद पेटला की वर्तमानपत्रे ‘लष्कर विरुद्ध प्रशासन’ असे मथळे देतात, पण बहुतेक वेळा तो एकाच कायद्याखालच्या दोन पदांमधला वाद असतो.

दुसरा प्रश्न दिल्लीचा. संविधानाच्या अनुच्छेद ५३ ने संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे, पण त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो, आणि अनुच्छेद ७४ मुळे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतो. अनुच्छेद ३१० नुसार प्रत्येक अधिकारी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. यापुढचा दुवा अनुच्छेद ७७ मध्ये आहे, आणि तो कळला की सचिवांचे कोडे सुटते. भारत सरकारचा प्रत्येक आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतो आणि त्यावर सही करण्याचा अधिकार नियमांनी सचिवापासून अवर सचिवापर्यंतच्या अधिकाऱ्यांना दिलेला असतो. त्यामुळे सही खालच्या अधिकाऱ्याची असली तरी आदेश त्याचा नसतो. तो सरकारचा असतो.

याचे सर्वांत बोलके आणि सर्वांत दुःखद उदाहरण २२ सप्टेंबर १९६२ चे आहे. ईशान्य सीमेवर चिनी सैन्याला मागे हटवण्याचा निर्णय बैठकीत झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्या वेळी न्यूयॉर्कला होते. लष्करप्रमुख जनरल थापर यांना परिस्थितीचे गांभीर्य जाणवत होते, म्हणून त्यांनी आदेश लेखी मागितला, आणि तो त्यांना मिळाला संयुक्त सचिव एच. सी. सरीन यांच्या सहीने. लष्करप्रमुखांना संयुक्त सचिवाने युद्धाचा आदेश दिला, असा या घटनेचा अर्थ अनेकजण काढतात आणि चिडतात. कायद्याच्या दृष्टीने तसे नव्हते. सरीन यांनी सरकारचा निर्णय कळवला. पण माझ्या मते चीड अगदीच अनाठायी नाही. निर्णय घेणारा मंत्री, सल्ला देणारा सेनापती आणि कागदावर सही करणारा अधिकारी हे तिघे एका टेबलाशी बसून ‘हे शक्य आहे का’ असा प्रश्न विचारत नव्हते, आणि सहीच्या वैधतेने ती उणीव भरून निघत नाही.

म्हणून संरक्षण सचिव लष्करप्रमुखांना आदेश देऊ शकतात का? स्वतःच्या अधिकारात, नाही. ते लष्करी साखळीत कोठेच नाहीत. सरकारचा निर्णय कळवणारे म्हणून, होय, आणि तो पाळावाच लागतो. प्रत्यक्षातला त्रास या दोहोंच्या मधल्या धूसर पट्ट्यात असतो: फाइलवरचा एखादा शेरा हा मंत्र्यांचा निर्णय आहे की सचिवालयाची शंका, हे न कळल्यामुळे महिने निघून जातात. ही तक्रार आजची नाही. १९०५ मध्ये कमांडर-इन-चीफ किचनर यांचा आक्षेप हाच होता की, व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधला मिलिटरी मेंबर हुद्द्याने त्यांच्याहून कनिष्ठ जनरल असूनही त्यांच्या प्रस्तावांवर टीका-टिप्पणी करतो. लंडनने किचनर यांची बाजू बऱ्याच अंशी उचलून धरली आणि लॉर्ड कर्झन यांनी राजीनामा दिला. हुद्द्याने कनिष्ठ आणि पदाने परीक्षक, हे नाते कोणत्याही काळात सेनापतींना गिळायला अवघड गेले आहे. आपल्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर तळेगावचे दाभाडे आहेत. सेनापतिपद त्यांच्या घराण्यात, पण मोहिमांची सूत्रे पेशव्यांकडे सरकत गेलेली. हा तिढा १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले तेव्हा रक्तानेच सुटला, आणि त्यानंतरही सेनापतिपद दाभाड्यांकडेच राहिले.

स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदनाम काढून टाकले आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांना ‘चीफ ऑफ स्टाफ’ केले. मोठा बदल त्यानंतर थेट जानेवारी २०२० मध्ये झाला, जेव्हा जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) झाले आणि संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग निघाला. सीडीएस या विभागाचे सचिव असतात, संरक्षणमंत्र्यांचे तिन्ही दलांविषयीचे प्रमुख लष्करी सल्लागार असतात, पण तिन्ही प्रमुखांवर त्यांची लष्करी कमांड नाही. चार तारे त्यांच्याही खांद्यावर आणि प्रमुखांच्याही. मला ही व्यवस्था अपुरी पण योग्य दिशेची वाटते, कारण सरकारच्या आत फाइलवर सही करणारा गणवेशधारी यापूर्वी नव्हता. एनडीएसारख्या संयुक्त संस्थांत नौदलातून आलेल्या संस्थाप्रमुखाने लष्कराच्या जवानावर शिस्तीची कारवाई कशी करायची, ही जुनी अडचण २०२३ च्या आंतर-सेवा संघटना कायद्याने सोडवली. तो १० मे २०२४ पासून लागू आहे.

मुलकी वर्चस्व चांगले चालते तेव्हा ते कसे दिसते, याची दोन उदाहरणे देतो. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूजवळच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे गेले. विमाने वापरायची म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढवायची, म्हणून निर्णय मंत्र्यांचा होता. यशवंतरावांनी तेथल्या तेथे होकार दिला आणि संध्याकाळीच पठाणकोटहून विमाने उडाली. कोणती विमाने, किती, कोणत्या क्रमाने, हे ते विचारत बसले नाहीत. १९९९ मध्ये कारगिलला हेलिकॉप्टर द्यावीत असा लष्कराने आग्रह धरला तेव्हा हवाई दलप्रमुख अनिल टिपणीस यांनी सरकारची मंजुरी लागेल अशी भूमिका घेतली आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मंजुरी २५ मेला आली, ती ‘नियंत्रण रेषा ओलांडायची नाही’ या अटीसह, आणि २६ मेला हल्ले सुरू झाले. ती अट वैमानिकांना फार जाचक होती, विमानांच्या वळणाला जागा पुरत नव्हती, पण अट राजकीय होती आणि पाळली गेली. टिपणीसांची भूमिका मला तेव्हाही बरोबर वाटली होती.

अनुच्छेद ३१० मधली राष्ट्रपतींची मर्जी काढून घेण्याचे टोकाचे उदाहरणही आहे. उपप्रमुखाच्या नेमणुकीवरून मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा निर्णय अमलात आणता येणार नाही अशी भूमिका नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांनी घेतली आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी सरकारने त्यांना पदावरून दूर केले. सरकार बरोबर होते की ॲडमिरल, यावर अजूनही दोन मते आहेत. सरकारला तसा अधिकार होता का, यावर फारशी नाहीत.

आता चौकीतला मंत्री. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ४१ खाली वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम जाणूनबुजून धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण तेथला ‘वरिष्ठ’ म्हणजे सुपीरियर ऑफिसर, आणि त्यात मंत्री, खासदार, सचिव किंवा जिल्हाधिकारी येत नाहीत. मंत्र्याने जवानाला ‘त्या टेकडीवर फायर कर’ असे सांगितले आणि जवानाने ‘साहेब, कंपनी कमांडरना विचारतो’ असे उत्तर दिले, तर त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. उलट बरोबर तेच केले. मंत्र्याचा निर्णय सरकार म्हणून, मुख्यालयातून, कमांडच्या साखळीने खाली आला तर तोच जवान तो पाळायला बांधलेला आहे.

राहिला ज्येष्ठतेचा तक्ता, कारण परीक्षक त्याबद्दल हमखास विचारतात. राष्ट्रपती सचिवालयाच्या २६ जुलै १९७९ च्या मानक्रमात लष्करप्रमुख कॅबिनेट सचिवांच्या एक पायरी खाली आहेत, आर्मी कमांडर सचिवांच्या बरोबरीने, मेजर जनरल संयुक्त सचिवांच्या बरोबरीने. ब्रिगेडियर, कर्नल आणि जिल्हाधिकारी केंद्राच्या या तक्त्यात नाहीतच. आणि तक्त्याच्या पहिल्याच टीपेत म्हटले आहे की, तो राजकीय व समारंभाच्या प्रसंगांसाठी आहे, दैनंदिन सरकारी कामकाजाला लागू नाही. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात कोण कोठे बसेल हे त्यावरून ठरते. समकक्षतेवरून मंत्रालयात आणि दलांत जी पत्रापत्री चालते, तिच्यात चांगल्या अधिकाऱ्यांचा किती वेळ गेला आहे हे मी जवळून पाहिले आहे.

मुलाखतीत पुन्हा हा प्रश्न आला तर उत्तर असे द्या: दंगलीत, दंडाधिकारी म्हणून, जागेवर असताना, जमाव पांगवण्यासाठी लेखी मागणी करू शकते आणि ब्रिगेडियरला ती पाळावी लागेल, कशी पाळायची ते तो ठरवेल. इतर वेळी विनंती करेन. परीक्षक पुढे ‘आणि त्याने सलाम केला नाही तर?’ असे विचारतील. तर काही नाही. तो त्याला बांधलेला नाही.